वाळवंटातल्या शहरात नवीन आलोय, उन्हाची सवय नक्की कशी होते?

घामाघूम
मंडळी, नोकरीसाठी नुकताच एका वाळवंटातल्या शहरात येऊन पडलोय आणि ऐन उन्हाळ्यातच आलोय, त्यामुळे फे फे उडालीये. फोनवर ४४ दाखवतं आणि बाहेर पाऊल टाकलं की ओव्हनचं दार उघडल्यासारखा झोत तोंडावर येतो. आधी दमट हवेत राहायचो, उन्हाळा मला नवीन नाही असं वाटायचं, पण हे प्रकरण वेगळंच आहे. गंमत म्हणजे घाम आल्यासारखा वाटतच नाही, अंग कोरडं ठणठणीत, आणि संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर आणि काखेत मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. म्हणजे घाम येतोय पण कळत नाहीये. सकाळी उठलं की घसा कोरडा, ओठ फुटलेले, दोनदा घोळणा फुटला, अंगाला खाज. नळाचं 'गार' पाणी हात भाजेल इतकं गरम. रात्री बारा वाजता भिंतीला हात लावला तरी गरमच. ऑफिसातले जुने लोक म्हणतात 'होईल सवय'. पण कशी होते, किती दिवसांत होते, की नुसतं धीर द्यायला म्हणतात? काही दिवसांनी बायको आणि लहान मुलगा येणारेत, नंतर आईही येईल म्हणतेय, तिला बीपीची गोळी आहे. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

उंटावरचा_शहाणा
आयडी बघून हसू नका, खरंच वाळवंटात बरीच वर्षं काढलीत.

सवय होते, धीर द्यायला म्हणत नाहीत. शरीरात खरोखर बदल होतात. साधारण एक ते दोन आठवडे रोज थोडा वेळ उष्णतेत काढला की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त सुटतो, घामातलं मीठ कमी होतं (ते पांढरे नकाशे फिके व्हायला लागले की समजा गाडी रुळावर आली), आणि तेवढंच चालल्यावर आधी जितकं धडधडायचं तितकं धडधडत नाही. पण यात एक मेख आहे जी कोणी सांगत नाही. घरचा एसी, गाडीचा एसी, ऑफिसचा एसी असं चोवीस तास २२ डिग्रीत बसलात तर यातलं काहीही होत नाही. अशी माणसं बघितलीत मी, वर्षानुवर्षं इथे राहतायत आणि पार्किंगपर्यंत चालायचं म्हटलं की जीव जातो.

तर पहिल्या दिवसापासून सकाळी सूर्य वर यायच्या आधी किंवा संध्याकाळी सूर्य पूर्ण बुडाल्यावर पंधरावीस मिनिटं चाला, मग हळूहळू वाढवा. भर दुपारी मर्दुमकी दाखवायला जाऊ नका.

आणि घाम कळत नाही तेच या हवेचं धोकादायक लक्षण आहे. हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर आल्या आल्या उडून जातो. अंग गार राहतं हा फायदा, पण आपल्यातलं पाणी किती गेलं त्याचा पत्ता लागत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका, लघवीचा रंग बघत जा, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. उन्हाळी लागली की मग कळतं काय असतं ते.

झुळूक
मी तर म्हणेन कशाला ती सवय करायची? दिवसा बाहेर पडूच नका. सगळी कामं रात्री. इथे रात्री दहाला बागेत पोरं खेळत असतात, बाजार रात्रीच भरलेला असतो, दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घड्याळ बदललं की निम्मा उन्हाळा सरतो.
घरासाठी एसीऐवजी कूलर घ्या, मस्त गार हवा येते, हवेत थोडा ओलावा येतो म्हणून नाक घसा पण सुकत नाही आणि लाईटचं बिल एसीच्या मानाने कायच्या काय कमी.

खारी_हवा
कूलर?? @झुळूक तुम्ही नक्की कुठल्या वाळवंटात राहता हो? आमच्याकडे ऑगस्टमध्ये कूलर लावला तर घरात पाऊस पडायचा बाकी राहील. बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ, दाराच्या काचा बाहेरून ओल्या, शर्ट दोन मिनिटांत अंगाला चिकटलेला. रात्री पण सुटका नाही.

उंटावरचा_शहाणा
@खारी_हवा तुम्ही समुद्रकाठच्या वाळवंटात, झुळूक आतल्या कोरड्या वाळवंटात, म्हणून दोघंही आपापल्या जागी बरोबर. @घामाघूम तुमच्या वर्णनावरून तुम्ही आतल्या भागात दिसताय, पण हा फरक नीट समजून घ्या कारण नेटवरचे सगळे सल्ले या एका गोष्टीवर उलटेपालटे होतात.

कूलर पाणी उडवून हवा गार करतो. ४३ डिग्री आणि हवेत ओलावा १० टक्के असेल तर चांगला कूलर आतली हवा पंचवीस-सव्वीसपर्यंत आणू शकतो. तेच ३६ डिग्री आणि ६५ टक्के ओलावा असेल तर तो तिसाच्या खाली आणूच शकत नाही, वर घरात दमटपणा कोंबतो. आपलं अंग पण एक कूलरच आहे, त्यामुळे जिथे कूलर चालत नाही तिथे घामही चालत नाही, नुसता वाहतो. सौदीतल्या दहरानला जुलै २००३ मध्ये दवबिंदू (हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, जितका जास्त तितकी हवा दमट) ३५ डिग्री नोंदला गेला होता, तापमान होतं ४२. तुलनेसाठी सांगतो, दवबिंदू २५ च्या आसपास गेला तरी माणसं कासावीस होतात. म्हणून आकडा नुसता तापमानाचा बघू नका, ओलावाही बघा. किनाऱ्यावरचे ३८ हे आतल्या ४५ पेक्षा वाईट असू शकतात.

कूलर लावायचाच तर समोरची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. बंद खोलीत लावतात आणि मग कूलरला शिव्या देतात.

झुळूक
हां हे बरोबर, मी आतल्या भागात. किनाऱ्यावाल्यांनी माझं ऐकू नका :) पण घड्याळ बदलायचं ते दोन्हीकडे लागू.

खारी_हवा
घड्याळाचं थोडंसंच लागू. आमच्याकडे ऊन गेलं की ओलावा वाढतो, रात्रीचं चालणं पण घामाच्या आंघोळीत. पहाटेचं त्यातल्या त्यात बरं.

साइटवरचा_माणूस
बाहेर काम करणाऱ्याचं पण ऐका. मी साइटवर असतो, दिवसभर बाहेर, नवीन आलेली पोरं माझ्या हाताखाली असतात. सगळ्यात जास्त धोका नवीन माणसाला पहिल्या काही दिवसांत असतो, मग तो कितीही तगडा असू दे, किंबहुना तगडेच जास्त पडतात कारण ते थांबत नाहीत, लाज वाटते त्यांना. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की उष्णतेत नवीन माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या फक्त २० टक्के वेळ उन्हात ठेवा आणि मग रोज २० टक्क्यांनी वाढवा. ऐकायला सोपं आहे, पण आधीच्या एका ठिकाणी मुकादम पहिल्याच दिवशी पोराला पूर्ण पाळी उन्हात उभा करायचा, सांगितलं तर म्हणायचा नखरे नकोत. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, इतर आखाती देशांतही अशी दुपारची बंदी आहे, ती काही उगाच नाही.

पाणी: कामात असाल तर दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, एकदम लिटरभर घटाघटा नाही. आणि ही गोष्ट लोकांना पटत नाही पण नुसतं पाणी पीत सुटणं पण वाईट, तासाला साधारण दीड लिटरच्या वर जाऊ नका, रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पितो. दोन वेळ नीट जेवत असाल तर मीठ जेवणातून मिळतं. तासन्‌तास घाम गाळत असाल तर मधून ओआरएस.

आता मुख्य. थकवा, चक्कर, पायात गोळे, मळमळ इथपर्यंत सावलीत आणा, आडवं करा, कपडे सैल करा, पाणी द्या, बहुतेक वेळा सावरतो. पण माणूस असंबद्ध बडबडायला लागला, नाव विचारलं तर भलतंच सांगतोय, चालताना झोकांड्या जातायत, तर तो उष्माघात समजा. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हे साफ चूक, मेहनत करताना झालेल्या उष्माघातात घाम येत असू शकतो. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, मिळेल त्या गार पाण्याने भिजवा, टब असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्धीत नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही.

घामाघूम
बापरे. साइटवरचा_माणूस, हे प्रिंट काढून ऑफिसात लावतो. हो मी आतल्या भागात आहे, ओलावा १०-१२ टक्के दाखवतं. आता पाण्याचं सांगा, टाकी गच्चीवर आहे, सकाळी दहानंतर आंघोळच करता येत नाही. आणि घर सगळ्यात वरच्या मजल्यावर मिळालंय, पश्चिमेला मोठी खिडकी. घर दाखवणाऱ्याने 'काय सुंदर सूर्यास्त दिसतो' म्हणून गळ्यात मारलं.

गच्चीवाली
हाहाहा सूर्यास्त! अहो इथे घर बघायला जायचं ते दुपारी चार वाजता, आणि आत शिरल्यावर आधी भिंतींना हात लावायचा. असो, आता घेतलंच आहे तर:

आंघोळीची युक्ती ऐका. गिझर घरात आहे ना, टाकीवाला? तो उन्हाळाभर बंद ठेवा, बटणच काढून टाका. त्याच्यातलं पाणी एसीच्या घरात राहून खोलीइतकं गार होतं. मग आंघोळीला 'गरम' नळ सोडायचा, गच्चीवरून येणारा 'गार' नळ असतो तो गरम पाण्याचा. नळ उलटे झाले एवढंच. एक जण आंघोळ करून आला की पुढच्याने तासदोन तास थांबायचं, नाहीतर मागून आलेलं गच्चीवरचं पाणी डोक्यावर पडतं. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे एकांनी सवयीने गार नळ सोडला आणि ओरडत बाहेर आले.

खिडकीला आतून जाड पडदा लावून थोडाच फरक पडतो कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं, ते पडद्यावर अडून खोलीतच तापतं. ऊन काचेच्या बाहेर अडवा. बाहेरून बांबूची चटई, शेडनेट, काहीही, घरमालकाची परवानगी घेऊन. ते जमत नसेल तर काचेवर उष्णता परतवणारी फिल्म. दिवसा खिडक्या घट्ट बंद, 'हवा खेळती राहू दे' म्हणून उघडल्यात तर भट्टी आत घेतलीत. पहाटे बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेवढा वेळ उघडा.

रात्री बारालाही भिंत गरम लागते कारण काँक्रीट दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर सोडत बसतं. वाळवंटात रात्री थंडी पडते हे उघड्या वाळवंटात, शहरात डांबर आणि सिमेंट गारवा येऊच देत नाही. जुनी माणसं हुशार होती, इराणच्या यझ्दमधले ते उंच वाराबुरूज बघा, वरचा वारा पकडून खाली घरात सोडायचे, आणि भिंती मातीच्या जाडजूड. आपण काचेच्या पेट्या बांधल्या आणि त्यात यंत्रं लावली.

एसी २४-२५ वर ठेवा, १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, नुसता न थांबता चालत राहतो. आणि फिल्टर दोन आठवड्यांनी धुवा. पहिल्यांदा काढाल तेव्हा बघा, पिठासारखी बारीक पिवळट धूळ, चिमटीत धरली तर सरकून जाते, एक वावटळ झाली की थर.

मधली_सुट्टी
पंखा लावून बसतो मी, एसी आवडत नाही. काय प्रॉब्लेम आहे का?

उंटावरचा_शहाणा
आहे. खोलीतली हवा ३५ च्या आत असेल तोवर पंखा झकास. ४० च्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, अंग गार व्हायच्या ऐवजी तापतं आणि पाणी झपाट्याने जातं. अंग ओलं करून बसाल तर गोष्ट वेगळी.

गोळीऔषध
मी फार्मसिस्ट आहे. आईंचं वाचलं म्हणून लिहिते. बीपीच्या सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात, काहींमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, ते घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी होत असतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, डिप्रेशनच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनी उष्णता सोसायची ताकद घटते. स्वतःच्या मनाने गोळी बंद अजिबात करायची नाही, निघायच्या आधी डॉक्टरला 'वाळवंटात चाललेय' असं स्पष्ट सांगायचं, ते डोस बघतील. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यामुळे विचारून उपयोग नाही, घड्याळ लावून ग्लास हातात द्यायचा.

घोळण्यासाठी: नाकात आतून बोटाने अगदी हलकं व्हॅसलीन, किंवा मिठाच्या पाण्याचा स्प्रे. फुटलाच तर मान मागे टाकू नका, पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे सोडून बघू नका. खाजेसाठी आंघोळ आटोपती, साबण कमी, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. पावडर नको, आणखी सुकवते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी धुळीच्या दिवशी चष्मा.
इन्सुलिन, इनहेलर, कुठलंही औषध गाडीत विसरू नका. आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी पाण्याकडे दुप्पट लक्ष, उष्ण हवेत खडे जास्त होतात हे माहीत असलेलं आहे.

लहान मुलांना गाडीत एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, 'आलोच' म्हणून सुद्धा नाही. काचा बंद असलेल्या गाडीत दहा मिनिटांत आतलं तापमान ११ डिग्रीने चढतं, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

टायरट्यूब
गाडीचा विषय निघालाच आहे तर. बॅटरी थंडीत मरते असं लोकांना वाटतं, ती खरी मरते उन्हाळ्यात, आतलं पाणी आटतं. इथे तीनेक वर्षं चालली तरी नशीब म्हणायचं, जुनी असेल तर उन्हाळ्याच्या आधीच तपासून घ्या. टायरची हवा सकाळी गाडी न चालवता मोजा, तापल्यावर मोजलीत तर जास्त दाखवते आणि मग लोक हवा सोडतात, कमी हवेवर टायर आणखी तापतो आणि हायवेला फुटतो. जुना टायर नक्षी चांगली असली तरी बाजूला बारीक चिरा असतील तर बदला.
गाडीत बसताना आधी सगळ्या काचा उघडून मिनिटभर चालवा, गरम हवा निघून जाऊ दे, मग काचा बंद आणि एसी आतली हवा फिरवण्यावर. स्टिअरिंगवर फडकं टाकून ठेवा. पट्ट्याचं बकल धातूचं असतं, पोराच्या मांडीला लागलं तर चक्क डाग बसतो, आधी हात लावून बघा. डिकीत कायम पाण्याचा कॅन, शहराबाहेर गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही.

खारी_हवा
आणि अनवाणी नको! डांबर ६५-७० डिग्रीपर्यंत तापतं, काही सेकंदांत फोड येतात. कुत्रा असेल त्यांनी हाताची मागची बाजू रस्त्याला टेकवून बघावी, आपल्याला पाच सेकंद सोसवत नसेल तर त्याला चालवू नका.

मधली_सुट्टी
कपड्यांचं काय? मी हाफ पँट आणि बनियन घालून फिरतो, मोकळं वाटतं. इथले स्थानिक पायघोळ झगे घालतात, काही तर काळे, कसे राहतात देव जाणे.

उंटावरचा_शहाणा
ते शहाणे आहेत म्हणून राहतात. यावर १९८० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध आला होता, इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात माणसाला काळे आणि पांढरे बेदूइन (वाळवंटातल्या भटक्या अरबांचे) झगे घालून उन्हात उभं करून मोजलं. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण ती जास्तीची उष्णता कापडातच राहते, झगा सैल असल्यामुळे आतून हवा वाहते आणि ती वाहून नेते, कातडीपर्यंत दोन्हीत सारखीच पोचते. म्हणजे मुद्दा रंगाचा कमी आणि सैलपणाचा जास्त. घट्ट काळा टीशर्ट मात्र मार खाणार. उघडं अंग म्हणजे थेट ऊन अंगावर, पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा, मान झाकणारी टोपी.

झुळूक
धुळीच्या वादळाचं राहिलंच. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. गाडीत असाल आणि समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, इंजिन चालू असो नसो दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा तुमचे दिवे बघून तुमच्यावरच येतो.
आणि पाऊस! हसू नका. नद्यांची कोरडी पात्रं असतात तिथे शहरात थेंब नसताना डोंगरातून लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये यूएईत अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला होता, तिथल्या वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त एका दिवसात, रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी घालायची नाही.

घामाघूम
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा सोन्यासारखा झालाय. रिपोर्ट देतो. गिझर बंद केलाय, माणसासारखी आंघोळ झाली. पहाटे चालायला लागलोय, पहिल्यांदा परत आलो तेव्हा डोकं ठणकत होतं, आता तेवढंच अंतर सहज जातं, शर्टावरचं मीठ पण कमी दिसतंय, तेव्हा उंटावरचे शहाणे बरोबर होते. खिडकीला बाहेरून शेडनेट लावलं, सूर्यास्त गेला, खोली वाचली. शेजारी म्हणतो २०२३ साली अमेरिकेतल्या फिनिक्सला सलग ३१ दिवस ४३ च्या वर होतं, तिथे पण लोक राहतातच की. त्याने कितपत धीर आला सांगता येत नाही.
एक शंका: पुढे तीन आठवडे सुट्टीवर थंड हवेत जाणारे. ही कमावलेली सवय राहील का?

साइटवरचा_माणूस
नाही राहत. आठवडाभर बाहेर राहिलात तरी बरीच उतरते, महिन्याभरात जवळजवळ सगळी जाते. आमच्याकडे सुट्टीवरून आलेल्या माणसालाही पहिले काही दिवस हलकं काम देतो, जुना असला तरी. परत येताना कामाच्या आदल्या रात्री विमानातून उतरू नका, दोनतीन दिवस हातात ठेवा, पहाटेचं चालणं पुन्हा कमी वेळेपासून सुरू करा. दुसऱ्या वेळी अंग लवकर वळणावर येतं.

गोळीऔषध
आणि आईंना शक्य असेल तर आत्ता आणूच नका. नोव्हेंबरमध्ये आणा. तेव्हा हवा छान असते, मार्च-एप्रिलपर्यंत उन्हाळा हळूहळू चढतो त्याबरोबर अंगही चढतं. फक्त स्वेटर आणायला सांगा, जानेवारीच्या पहाटे वाळवंट चांगलंच गारठतं आणि घरात हीटर नसतो.

घामाघूम
स्वेटर! आई फोनवर विश्वास ठेवणार नाही. नोव्हेंबरची तिकिटं बघतो.